खडू सोडणाऱ्या मोटरहोमवर रबिंग, पॉलिश आणि वॅक्स: तीन बाटल्यांच्या संचाचे परीक्षण

आमच्या मोटरहोमला, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीला, आता चोवीस वर्षे झाली आहेत. इंजिनाबद्दल किंवा आतल्या कपाटांबद्दल माझी काही तक्रार नाही, पण बाहेरचा फायबरग्लास इतका पांढुरका पडला होता की गडद कपड्यांनिशी त्याला टेकून उभे राहिले तर पाठीवर खडूचा पट्टा उमटत असे. नौका आणि मोटरहोम यांच्या जेलकोटसाठी, म्हणजे फायबरग्लासवरच्या बाहेरच्या रंगीत थरासाठी, म्हणून विकला जाणारा रबिंग कंपाउंड (घासून वरचा थर काढणारी पेस्ट), पॉलिश आणि वॅक्स असा तीन बाटल्यांचा संच मी त्यावर वापरला आणि त्यानंतर आठ महिने गाडी उन्हापावसात उघड्यावरच उभी होती.

यापूर्वी, कष्ट वाचतील या आशेने, मी फरशीला चमक आणणारे अ‍ॅक्रिलिक पॉलिश गाडीवर चढवून पाहिले होते. चार-पाच हात दिल्यावर गाडी खरोखर नव्यासारखी दिसू लागली, परंतु दुसऱ्या उन्हाळ्यात तोच थर पिवळसर पडून त्याचे पापुद्रे सुटू लागले आणि तो काढण्यात गेलेला वेळ लावण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक होता. हा संच घेण्याचे कारणही तेच: तो मेलेला थर झाकत नाही, काढून टाकतो. जेलकोट म्हणजे रंगद्रव्य मिसळलेले पॉलिएस्टर रेझिन. उन्हातील अतिनील किरणांनी वरचे रेझिन मोडते, त्यातील रंगद्रव्य सुटे होते आणि हाताला लागते ती हीच भुकटी. जेलकोटची जाडी सर्वसाधारणपणे अर्धा मिलिमीटर असते, म्हणजे मोटारीच्या रंगावरील पारदर्शक थराच्या जवळजवळ दहापट, त्यामुळे घासायला वाव असतो. मात्र कोपऱ्यांवर आणि कडांवर तो पातळ असू शकतो, हे मशीन हातात असताना विसरून चालत नाही.

पूर्वतयारीविषयी बाटलीवर ‘धुवा आणि लावा’ एवढेच लिहिले आहे, आणि माझी पहिली तक्रार त्याविषयी आहे. बाजूंवर उतरणारे काळे ओघळ बहुतेक छपरावरून येतात, म्हणून धुण्याची सुरुवात छपरापासून करावी लागते; छप्पर ईपीडीएम या कृत्रिम रबराचे असेल तर त्यावर पेट्रोलियमयुक्त क्लीनर चालत नाही. खिडक्यांभोवतीचे आणि सांध्यांतील तडकलेले सीलंट (फटी बुजवणारा लेप) आधी बदलावे, कारण वॅक्स लागलेल्या पृष्ठभागावर नवे सीलंट नीट धरत नाही. काळ्या रबरी पट्ट्यांवर मास्किंग टेप लावणे तर अनिवार्यच आहे. मी एका खिडकीला टेप लावायची विसरलो, आणि तिच्या रबरात वाळून बसलेले पांढरे कंपाउंड अजूनही पूर्ण निघालेले नाही.

काम हाती घेण्यापूर्वी फिकट भागावर पाणी मारून पाहावे. ओले असताना मूळ रंग उठून दिसला, तर घासून तो परत येण्याची चांगली शक्यता असते. कंपाउंड ‘हाताने किंवा मशीनने’ लावा ही सूचना मात्र मला दिशाभूल करणारी वाटली, कारण हाताने अर्धा तास घासूनही दोन फूट चौरसात जाणवण्याजोगा फरक पडला नाही. रोटरी बफिंग मशीनवर लोकरी पॅड लावून, वेग मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवून आणि पॅड सतत हलते ठेवून तेच कंपाउंड वापरले, तेव्हा भुकटीखालून घट्ट, ओलसर दिसणारा रंग वर आला. पृष्ठभाग तापलेला असेल तर कंपाउंड लगेच वाळते, म्हणून मी सकाळीच काम करीत असे. जी बाजू वर्षानुवर्षे उन्हाकडे तोंड करून उभी होती, तिथे कंपाउंड एकटे पुरले नाही. तिथे पाणी मारत १०००, १५०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर क्रमाने फिरवावा लागला, मगच मशीन.

दुसऱ्या बाटलीतील पॉलिशचा परिणाम पांढऱ्या भागावर जेमतेम जाणवतो, निळ्या पट्ट्यावर मात्र रबिंगचे गोल ओरखडे त्याने स्वच्छ घालवले. वॅक्स लावायला आणि पुसायला सोपे आहे. ते वर्षभर टिकते हा दावा मात्र खरा नाही: बाजूवर अजून पाण्याचे मणी होतात, पण समोरच्या उतरत्या भागावर पाचव्या महिन्यातच पाणी पसरू लागले, म्हणजे तिथले वॅक्स गेले.

तडे गेलेली जुनी स्टिकरे हीट गनची मंद ऊब देऊन, प्लास्टिकच्या पट्टीने काढली. त्यांच्याखालचा जेलकोट उन्हापासून वाचलेला असल्यामुळे जुन्या नक्षीची सावली तशीच राहिली. कंपाउंडने ती निम्मी झाली, पूर्ण गेली नाही. ती झाकण्यासाठी मी त्याच आकाराची नवी स्टिकरे करून घेतली. अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्यांना मी या संचातले काहीच लागू दिले नाही.

एका गोष्टीची कल्पना मला आधी असायला हवी होती. मागच्या खिडकीखाली फायबरग्लास आतल्या प्लायवूडपासून सुटून फुगलेला होता. बोटाने ठोकल्यावर तिथे पोकळ आवाज येतो. पाणी झिरपल्याने होणारा हा बिघाड रबिंगने बरा होत नाही, उलट चमक आल्यावर तो फुगवटा लांबूनही दिसू लागला. पूर्वी धुरकटपणाने त्याला पांघरूण घातले होते.

राहिला प्रश्न प्रमाणाचा. आठ मीटर लांबीच्या गाडीला पुरेल असे सांगितलेले कंपाउंड एक बाजू आणि मागचा निम्मा भाग होईतो संपले. पॉलिश अर्धे उरले आणि वॅक्स त्याहून अधिक. उरलेल्या बाजूसाठी मी कंपाउंडची सुटी मोठी बाटली आणि आणखी दोन लोकरी पॅड मागवले आहेत, पुन्हा पूर्ण संच नाही.