थंब की कार्ड: वर्कशॉपच्या दाराला काय लावावं?

हजेरीचा विषय वेगळा. टूलरूममध्ये किंवा स्टोअरमध्ये ठरलेलीच माणसं जावीत म्हणून दाराला यंत्र लावायचं असेल, तर फिरून फिरून गाडी थंब की कार्ड इथेच येते. भोसरीच्या आमच्या शेडमध्ये दोन्ही आहे, टूलरूमला थंब आणि स्टोअरला कार्ड.

थंबची जमेची बाजू मोठी आहे. बोट घरी विसरत नाही आणि उसनंही देता येत नाही. कार्ड मात्र खुशाल फिरतं. ‘दे रे जरा, कटर घेऊन येतो,’ की झालं. नोंदीत नाव भलत्याचंच.

पण ग्राइंडिंगवरच्या माणसाचा अंगठा एकदा जवळून बघा. रेषा घासून गुळगुळीत झालेल्या, उरलेल्या चिरांत काळं तेल मुरलेलं. तो अंगठा पॅंटला पुसतो, फुंकर मारतो, पुन्हा ठेवतो. यंत्र आपलं ‘प्लीज ट्राय अगेन’ म्हणत बसतं. मग दुसरं बोट. थंडीत कातडी फुटली की आणखी वैताग. तोवर मागे दोघं जॉब घेऊन खोळंबलेले असतात. शेवटी कोणीतरी दारात बारचा तुकडा अडकवून ठेवतं, आणि दिवसभर टूलरूम सताड उघडी. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. ऑफिसात, कोरड्या हातांच्या माणसांत, थंब कदाचित उत्तम चालेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कार्ड घ्यायचं तर १२५ किलोहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारं स्वस्तातलं नको. ते जवळ येणाऱ्या कुठल्याही रीडरला आपला नंबर सांगून मोकळं होतं, त्याची नक्कल सहज निघते. १३.५६ मेगाहर्ट्झ एवढं ऐकूनही निर्धास्त होऊ नका. त्यातल्या मायफेअर क्लासिक नावाच्या कार्डाचं सांकेतिक कुलूप २००८ मध्येच फुटलंय. त्याच घराण्यातलं, जास्त सुरक्षित डेसफायर कार्ड मागा. आणि रीडर कार्डातला सुरक्षित डेटा वाचतो की नुसता वरचा सिरीयल नंबर, हे बसवणाऱ्याला तोंडावर विचारा. नंबरच वाचत असेल तर महागड्या कार्डाचे पैसे पाण्यात.

दोन्हींना लागू अशी एक गोष्ट: दार उघडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बाहेरच्या यंत्रातच असेल, तर यंत्र उचकटून दोन वायरी जोडल्या की दार उघडतं. दार उघडायचं की नाही ते ठरवणारा कंट्रोलर आतच हवा. ईएम लॉकला, म्हणजे विजेच्या चुंबकाने दार धरून ठेवणाऱ्या कुलपाला, बॅटरीही हवी, कारण लाईट गेली की तो सुटतो. आगीच्या वेळी तसंच व्हायला हवं, पण आमच्याकडे गुरुवारी शेड बंद असताना लाईट गेली तर पंचाईत.

टूलरूमच्या यंत्राचं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपत आलंय. नव्या कोटेशनमध्ये तिथेही कार्डच मागवलंय; कार्डांच्या उसनवारीपायी कार्बाइड इन्सर्टच्या (कटरला लावायच्या कडक पात्यांच्या) कपाटापुरता सोबत पिन.