टेक सेल्समध्ये जाण्यासाठी एमबीए की सर्टिफिकेट? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव (बेळगाव)

उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये सुपरवायझर असलेले, निपाणीत वितरकाकडे ऑर्डरी घेणारे, खानापुरात शिकवण्या घेणारे असे बरेच जण सध्या सॉफ्टवेअर विकण्याच्या नोकरीकडे वळू बघताहेत. हबस्पॉट अकॅडमी (विक्रीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या हबस्पॉटची शिकण्याची साइट), ट्रेलहेड (सेल्सफोर्स या दुसऱ्या विक्री-सॉफ्टवेअरची तशीच साइट), एडब्ल्यूएसची म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची पहिली परीक्षा आणि ऑनलाइन एमबीए हे सगळं नोकरी सांभाळून वापरल्यावर मत ठाम आहे. हातात कुठलीही पदवी असेल तर दुसरीच्या मागे लागू नका. पदवी अर्धवट सुटली असेल तर मात्र ती आधी पुरी करा. बऱ्याच कंपन्यांत शिक्षणाच्या रकान्यापाशीच अर्ज गळतो, खालची सर्टिफिकेटं कोणी वाचतसुद्धा नाही.

सुरुवात हबस्पॉटपासून करावी. इनबाउंड सेल्सचा (आपणहून चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाला विकण्याचा) कोर्स फुकट, परीक्षा फुकट. पण ते सर्टिफिकेट लिंक्डइनवर लावलं म्हणून मुलाखतीचे फोन येत नाहीत, कारण ते सगळ्यांकडेच असतं. खरा उपयोग त्यांच्या फुकट सीआरएमचा, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरचा. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या ३०-४० कारखान्यांची यादी करून त्यात भरा. प्रत्येकापुढे लिहा: काय बनवतात, माणसं किती, हिशोब टॅलीत की एक्सेलमध्ये, खरेदीचं कोण ठरवतं, पुढचा फोन कधी. मुलाखतीत स्क्रीन शेअर करून हे पाच मिनिटं दाखवता आलं तर एमबीए आहे का हा प्रश्न बहुतेक वेळा मागे पडतो.

या कारखान्यांना करायच्या सरावाच्या फोनची सुरुवात 'सर, दोन मिनिटं बोलू का?' अशी केली की समोरून 'आत्ता नको' येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी फाउंड्रीवाल्याला विचारा, 'मशीनिंगला बाहेर पाठवलेलं कास्टिंग किती परत आलं, हे सध्या कशावर बघता?' जीएसटीत जॉबवर्कला गेलेला कच्चा माल १ वर्षाच्या आत परत यावा लागतो. नाही आला तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर बसतो. चलनं वहीत ठेवणाऱ्या मालकाला ही डोकेदुखी ठाऊक असते, म्हणून तो बोलता होतो. असा प्रश्न कुठल्याच कोर्समध्ये मिळत नाही. शॉपफ्लोअरवर काढलेली वर्षं इथेच कामाला येतात, आणि आपल्याकडची पोरं नेमकी तीच रेझ्युमेतून गाळतात, याचं फार वाईट वाटतं.

ट्रेलहेडही फुकट आहे. लीड (संभाव्य गिऱ्हाईक), कन्व्हर्जन (लीड पक्कं वाटलं की पुढे नेणं), अकाउंट (गिऱ्हाईक कंपनी), ऑपॉर्च्युनिटी (होऊ घातलेला सौदा) एवढा भाग हाताने करून बघा, बस. सेल्सफोर्सची अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परीक्षा सिस्टीम मांडणाऱ्यांसाठी आहे, विकणाऱ्याने त्यात पैसे घालायचं कारण नाही.

पैसे भरायचेच तर एकाच परीक्षेला भरा. क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर) विकणाऱ्या कंपन्यांकडे जायचं असेल तर एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनर: फी १०० डॉलर आणि वर कर, ६५ प्रश्न, ९० मिनिटं, १००० पैकी ७०० ला पास, सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं. नापास झालात तर १४ दिवस थांबून पुन्हा पूर्ण फी. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची अशीच परीक्षा एझेड-९००, तिच्या सर्टिफिकेटला मुदत संपण्याची भानगड नाही. घरून परीक्षा देताना घोळ बहुधा दोन ठिकाणी होतो. एक, नाव: नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं इंग्रजी नाव जुळायला हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव आणि आडनाव कागदागणिक पुढेमागे झालेलं असतं, म्हणून आधी पासपोर्ट किंवा आधार समोर ठेवूनच खातं उघडा. दुसरं, वीज: राउटर यूपीएसवर ठेवा आणि खोलीला आतून कडी लावा. मध्येच कोणी आत आलं तर परीक्षा तिथेच रद्द होऊ शकते.

आता एमबीए. २ वर्षं, ४ सेमिस्टर, आणि अभ्यासात कंपन्यांना सॉफ्टवेअर विकण्याचा भाग अगदी थोडा. डिस्कव्हरी कॉल (गिऱ्हाइकाची गरज समजून घ्यायचा पहिला फोन) कसा करायचा, पाइपलाइन (चालू सौद्यांची यादी) कशी ठेवायची, हे त्यात जवळपास येत नाही. नियमित कॉलेजचं कॅम्पस प्लेसमेंट चांगलं असेल किंवा पुढे मोठ्या कंपनीत मॅनेजरपदावर डोळा असेल तर ते जरूर करावं, पण आत शिरण्यासाठी नव्हे. ऑनलाइन घेणारच असाल तर विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का ते यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर स्वतः बघा. प्रवेशाला एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या खात्याचा नंबर) आणि त्यावरून काढलेला डेब आयडी (याच दूरशिक्षण विभागाचा नंबर) लागतो. एजंट 'नंतर बघू' म्हणाला तर पैसे देऊ नका.

भाषेचं एक. मराठी, कन्नड, हिंदी तिन्हींत व्यवहार करता येणारा माणूस हुबळीचाही फोन घेतो आणि इचलकरंजीचाही. रेझ्युमेत वरच्या तीन ओळींतच ते लिहा. कन्नड नुसती समजत असेल तर बोलायची सवय करा, बेंगळुरूच्या कंपनीत कर्नाटकातली गिऱ्हाइकं हाती येण्यासाठी तिचा उपयोग एमबीएपेक्षा जास्त होतो.

ऑफर आली की आकडा फोडून बघा. ६ लाखांचं पॅकेज ७०:३० असेल तर पक्के ४.२ लाख, म्हणजे महिन्याला ३५,००० आणि त्यातून पीएफ जाणार. उरलेले १.८ लाख टार्गेटवर. पहिल्या ३ महिन्यांत टार्गेट किती, मीटिंग ठरली की मोजतात की गिऱ्हाईक खरोखर आल्यावर, आणि इन्सेंटिव्ह महिन्याला मिळतो की तिमाहीला, हे सही करण्याआधी ईमेलवर लिहून मागा.