जिंप 3.0 : फुकटचं आहे, पण मराठी पोस्टरला पुरतं का?

गणेशोत्सवाचा कार्यक्रम, क्लासची जाहिरात, दुकानाचं दिवाळी पोस्टर. ग्राफिक्स शिकायला बसणारा बहुतेक जण अशाच कामापासून सुरुवात करतो, आणि फोटोशॉपचं महिन्याचं भाडं परवडत नसेल तर पहिलं नाव निघतं ते जिंपचं. 1995 साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. मार्च 2025 मध्ये त्याची 3.0 आवृत्ती आली. आधीची मोठी आवृत्ती, 2.10, 2018 ची होती. एवढी वर्षं वाट पाहायला लावून दिलेला बदल मात्र खरोखर मोठा आहे.

तो बदल म्हणजे फिल्टर आता लेयरवर (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकावर) कायमचा भाजला जात नाही. सावली, ब्लर, रंगबदल काहीही लावा, लेयरच्या नावाशेजारी ‘एफएक्स’ची खूण येते. तिच्यावर क्लिक करून आकडे कधीही बदलता येतात किंवा फिल्टर काढून टाकता येतो. पूर्वी सावली दिल्यावर मजकुरात चूक सापडली की सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. आता अक्षरं अक्षरंच राहतात, वेलांटी दुरुस्त केली की सावलीही आपोआप बदलते.

नवी फाइल उघडताना आकार आधी ठरवा, नंतर वाढवू म्हणू नका. इन्स्टाग्रामच्या उभ्या पोस्टला 1080 × 1350 पिक्सेल. ए-4 छापायचं तर 300 पीपीआयने, म्हणजे इंचाला 300 पिक्सेलने, 2480 × 3508. सहा बाय तीन फुटांचा फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला 72 पीपीआय चालतं, म्हणजे 5184 × 2592. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला 300 पिक्सेलचा लोगो मात्र त्या फ्लेक्सवर ताणला की धूसर होणारच. त्यावर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये औषध नाही. मूळ फाइल मागवा.

आता मराठी अक्षरं. जिंप इथे बऱ्याच महागड्या सॉफ्टवेअरांपेक्षा सरळ वागतं. युनिकोड, म्हणजे मोबाइलवर टाइप करतो तसा, मजकूर टाकला की जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी सगळं जागच्या जागी बसतं, वेगळी सेटिंग लागत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये आधी भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) निवडावा लागायचा, नाहीतर वेलांटी भलतीकडे जायची. पण डीटीपीवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आला असेल तर जिंपमध्ये तो इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

टेक्स्ट टूलच्या पर्यायांत तळाशी ‘लँग्वेज’ असं एक दुर्लक्षित खातं आहे. तिथे मराठी निवडा. ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाची आणि मराठी वळणाची रूपं वेगळी असतात. फॉन्टमध्ये दोन्ही असतील तर या एका निवडीने मराठी वळण येतं. फॉन्टमध्ये सोयच नसेल तर काही फरक पडणार नाही, मग ‘तिरो देवनागरी मराठी’सारखा मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट घ्या. मथळ्याला ‘बलू’, बारीक मजकुराला ‘मुक्ता’ ही जोडी नवख्यासाठी चांगली. दोन्ही ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, मोफत, आणि मुक्तामध्ये सात जाडी मिळतात. फॉन्ट टाकताना जिंप उघडं असेल तर तो यादीत दिसणार नाही. फॉन्टच्या पॅनेलमध्ये रिफ्रेश दाबा.

मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवायची इंग्रजी पोस्टरांवरून आलेली सवय इथे सोडा. अंतर वाढलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते शून्यावरच ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो.

मजकुराला पांढरी किनार देण्यातही एक फसगत आहे. 3.0 मध्ये टेक्स्ट टूललाच आउटलाइनचा पर्याय आला आहे. लॅटिन अक्षरांना तो छान दिसतो. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात, त्यामुळे किनार प्रत्येक सांध्यावर उभी रेघ मारू शकते. त्याऐवजी फिल्टर्स, लाइट अँड शॅडो, ड्रॉप शॅडो असं जा. एक्स 0, वाय 0, ब्लर रेडियस 0, ग्रो रेडियस 6 ते 10, रंग पांढरा, ओपॅसिटी 1. अख्ख्या शब्दाभोवती एकसंध किनार मिळते आणि मजकूर बदलता राहतो. अक्षरं मोठी करायची तर स्केल टूलने ओढू नका, टेक्स्ट टूलमधला आकडा वाढवा. ओढलेल्या मजकुरात नंतर दुरुस्ती करायला गेलात की ओढलेलं सगळं पुसलं जाईल अशी सूचना येते, आणि ती खरी असते.

नवख्याचं डोकं फिरवणाऱ्या तक्रारी दोन. ब्रश फिरतो पण काही उमटत नाही : कुठेतरी सिलेक्शन राहून गेलेलं असतं, कंट्रोल-शिफ्ट-ए दाबा. नाहीतर चुकीचा लेयर निवडलेला असतो. दुसरी, खोडरबर पारदर्शक करण्याऐवजी पांढरं करतो : जेपीजी फोटोला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, नसतो, लेयरवर राइट क्लिक करून तो जोडा.

उणीव सांगायची तर आकार काढायचं साधं टूल 3.0 मध्ये नाही. गोल कोपऱ्यांची पट्टी हवी तर रेक्टँगल सिलेक्ट, त्यात ‘राउंडेड कॉर्नर्स’, मग नव्या लेयरवर रंग भरायचा. कॅनव्हामध्ये दोन क्लिकचं काम इथे पाच क्लिकचं होतं. टूलबॉक्समध्ये एकाच चौकटीत तीन-चार टूल लपलेली असतात हेही आधी कोणी सांगत नाही. प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेस, टूलबॉक्स इथे जाऊन टूल ग्रुप बंद केले की सगळी समोर येतात.

सेव्ह केलं की एक्ससीएफ फाइल होते, ती कामाची प्रत. बाहेर पाठवायला एक्स्पोर्ट, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-ई. मजकूर जास्त असेल तर पीएनजी. जेपीजीच हवं तर क्वालिटी 90 आणि सबसँप्लिंग (रंगांच्या माहितीची काटछाट) 4:4:4, म्हणजे अजिबात नाही, नाहीतर पिवळ्यावरची लाल अक्षरं कडेला फुटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

छपाईच्या बाबतीत मात्र जिंप अजून अर्धवट आहे. छापल्यावर रंग कसे दिसतील याचा अंदाज पडद्यावर घेता येतो, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंतली, जेपीजी आणि टिफही काढता येते, पण काम सगळं आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतच चालतं. त्यामुळे काळी अक्षरं चार शाईंत विभागली जातात आणि प्लेट केसभर सरकली तरी बारीक मजकुराला रंगीत कडा येते. फ्लेक्सला हे जाणवत नाही. लग्नपत्रिकेला जाणवतं. तिथे फोटो आणि पार्श्वभूमी जिंपमध्ये करा आणि मजकूर स्क्रायबस या पानं मांडायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये निव्वळ काळ्या शाईत बसवून पीडीएफ काढा, चारी बाजूंना कापणीसाठी 3 मिलिमीटर जादा जागा सोडून. 300 पीपीआयला ते साधारण 35 पिक्सेल होतात, म्हणून पार्श्वभूमी जिंपमध्ये करतानाच तेवढी मोठी घ्या.