प्रवासासाठी सिनेमा: स्क्रीन रेकॉर्डिंग नको, डाउनलोडच बरं

आईला घेऊन कोकण रेल्वेने कुडाळला जायचं होतं. वाटेत बोगदेच बोगदे, एकटा करबुडेच जवळपास ६.५ किलोमीटरचा, तिथे रेंज कुठली? म्हणून आदल्या रात्री फोनमधला स्क्रीन रेकॉर्डर लावून सिनेमा रेकॉर्ड करायला घेतला. दोन तास फोन अडकून पडला आणि हाती आलं काय, तर नुसता काळा पडदा. सिनेमाची नक्कल रोखणारं वाइडवाइनसारखं संरक्षण ॲपमध्ये असलं की चित्र रेकॉर्डरपर्यंत पोचतच नाही.

मग ॲपमधलंच डाउनलोडचं बटण दाबलं. वायफायवर दहा मिनिटांत काम झालं, चित्र स्वच्छ, शिवाय मराठी सबटायटल्स. आईला कमी ऐकू येतं, तिच्यासाठी ती फार मोलाची.

राग एकाच गोष्टीचा आला. या ॲपमध्ये एकदा प्ले दाबलं की ४८ तासांत डाउनलोड बाद. आई अर्ध्यातच झोपली, तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत उघडला तर ‘मुदत संपली’. तिचा चेहराच पडला. वर्षाचे पैसे भरलेल्या माणसाला निदान आठवडा तरी द्या!

तरी माझं मत डाउनलोडलाच. निघण्याआधी घरीच एअरप्लेन मोड लावून फाइल उघडते का, तेवढं बघून घ्या.