दत्तक की प्रतिपालकत्व: मूल घरी आल्यानंतरचा फरक

मूल घरी आणण्याचा विचार करणारी जोडपी पहिला प्रश्न बहुधा कागदपत्रांचा विचारतात. कागदपत्रांची वाट दत्तकात आणि प्रतिपालकत्वात, म्हणजेच फॉस्टर केअरमध्ये, ठरलेली आहे. खरा फरक मूल घरात वावरू लागल्यावर दिसतो आणि निर्णय त्यावरूनच घ्यावा, असे मला वाटते.

दत्तकाचा आदेश झाला की मूल कायद्याने तुमचे होते. जन्मदात्या कुटुंबाशी असलेले त्याचे कायदेशीर नाते संपते, त्याच्या नावापुढे तुमचे नाव व आडनाव लागते आणि वारसाहक्कही येतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार प्रतिपालकत्वात मात्र मूल बालकल्याण समितीच्या, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीच्या, आदेशाने थोड्या किंवा दीर्घ मुदतीसाठी तुमच्याकडे राहते. त्याचे शिक्षण, आरोग्य आणि आहार यांची जबाबदारी तुमची असते, पण नाव बदलत नाही. शाळेत हजेरी घेताना त्याच्या नावापुढे दुसऱ्याच माणसाचे नाव पुकारले जाते. वरवर किरकोळ वाटणारी ही गोष्ट तुम्हाला आणि मुलाला रोज आठवण करून देत राहते.

शिस्तीच्या बाबतीत हा फरक सर्वांत तीव्र होतो. डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याचे तीन प्रकार मांडले: धाक दाखवणारे, मोकळीक देणारे आणि माया राखूनही नियमांवर ठाम राहणारे. तान्हेपणी दत्तक आलेले मूल याच घरात वाढते, त्यामुळे रागावल्यानंतर आई जवळ घेते हे ते अनुभवाने शिकलेले असते. प्रतिपालकत्वात येणारे मूल बहुधा सहा वर्षांहून मोठे असते आणि त्याने आधी एक घर, कदाचित एक बालगृहही, मागे सोडलेले असते. असे मूल पोळी उशीखाली लपवून ठेवते किंवा मुद्दाम नियम मोडून पाहते, तेव्हा ‘पुन्हा असे केलेस तर बघ’ हे आपल्याकडचे नेहमीचे वाक्य त्याला ‘परत पाठवू’ असेच ऐकू येते. म्हणून धाकाची पद्धत येथे सर्वांत घातक ठरते. मोकळीकही फारशी बरी नाही. ‘बिचारे, आधीच किती सोसले आहे’ म्हणून त्याला काहीच न सांगणारे घर त्याला पाहुणा करून ठेवते, कारण आपण पाहुण्यालाच ताट उचलू देत नाही. स्वतःची मुले घरात असतील तर ही सवलत त्यांच्याही डोळ्यांत खुपते. राहता राहिली तिसरी पद्धत: अभ्यासाची व झोपेची वेळ सर्वांना सारखी, नियम मोडल्यास परिणाम आधी सांगितलेला आणि पोळीचा डबा मात्र त्याच्या हाताला लागेल असा ठेवलेला.

दुसरा कस नात्यांचा. दत्तकात जन्मदात्यांविषयी प्रामाणिकपणे सांगावे लागते, परंतु त्या व्यक्ती दारात उभ्या नसतात. प्रतिपालकत्वात समितीची हरकत नसेल तर आईवडील मुलाला भेटू शकतात. अशा भेटीनंतर मूल गप्प होते, चिडते, कधी अंथरूण ओले करते. त्याच वेळी ‘तुझी आई अशीच’ हे शब्द ओठांवर येतात आणि तेच गिळता आले पाहिजेत, कारण आईची निंदा मुलाला स्वतःची निंदा वाटते. त्याने तुम्हाला आई-बाबा म्हणावे असा आग्रह नको. काका आणि मावशी ही आपल्या भाषेतली नाती त्यासाठी पुरेशी सशक्त आहेत. यशोदेचा दाखला देणाऱ्यांनी कृष्ण मथुरेला गेला, हा भागही सांगावा.

पैशाचा मुद्दा गौण आहे. मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालकत्वासाठी प्रत्येक मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे आणि समितीने दर महिन्याला घराची पाहणी करावी असे कायदा सांगतो. ही पाहणी अपमानास्पद वाटणार असेल, तर तेही आताच ओळखलेले बरे.

वंश, नाव आणि म्हातारपणीची सोबत ही तुमच्या मनातली मूळ इच्छा असेल, तर प्रतीक्षा लांबली तरी दत्तकाचीच वाट धरावी. त्या इच्छेत कमीपणा मुळीच नाही. मूल बरे होऊन आपल्या आईकडे परतले तर हे यश मानता येईल, अशी तयारी असेल तरच प्रतिपालकत्व निवडावे. केंद्र सरकारच्या प्रतिपालकत्वाविषयीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी दोन वर्षे सांभाळलेल्या मुलाला दत्तक घेण्याची वाट खुली केली आहे (पूर्वी ही अट पाच वर्षांची होती). मात्र ते मूल दत्तकासाठी कायद्याने मुक्त, म्हणजे दत्तक देता येईल असे समितीने जाहीर केलेले, असावे लागते, आणि त्याचे आईवडील सावरत असतील तर ते तसे होणार नाही. तेव्हा ही वाट दत्तकाच्या रांगेतून सुटका म्हणून धरणाऱ्याला दोन वर्षे मनातल्या मनात दुसऱ्या एका घराच्या अपयशाची वाट पाहत बसावे लागेल.