भिंतीवरची कविता आणि आईला लिहिलेलं पत्र

गरिबी आणि वंशभेद घराचं काय करतात, हे कवितांत शोधताना मला दोन उदाहरणं आठवतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड या बेटावर १९१० ते १९४० या काळात चिनी स्थलांतरितांना चौकशीसाठी डांबून ठेवत. काहींनी तिथल्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. वर रंग चढवला, तरी अक्षरं बुजली नाहीत. छंद जुने, अभिजात. गरिबीपायी सोडलेलं घर, मागे राहिलेले आईवडील आणि कोंडल्याचा संताप, सगळं मोजक्या ओळींत येतं. नाव बहुतेक ठिकाणी नाहीच.

जमैकात जन्मलेले ब्रिटिश कवी लिंटन क्वेसी जॉन्सन यांची ‘सनीज लेटाह’ (म्हणजे ‘सनीचं पत्र’) ही कविता अगदी वेगळी. जमैकन बोलीत, सनीनं तुरुंगातून आईला लिहिलेलं पत्र. धाकट्या जिमला सांभाळीन असा शब्द दिलेला, आणि बसची वाट पाहत उभ्या असलेल्या त्याच जिमला पोलीस धरतात. निव्वळ संशयावरून अटक करू देणारा ‘सस’ कायदा ब्रिटनमध्ये १९८१ साली रद्द झाला. ही कविता त्याच्या आधीची.

भिंतीवरच्या ओळींतून गरिबी जास्त कळते. पण वंशभेद घरात शिरून काय मोडतो, ते मला सनीच्या पत्रात दिसतं. पोराला आधी आईची माफी मागावीशी वाटते, तिथे वाचताना माझा आवाज दर वेळी अडखळतो.