गरोदरपणातली मालिश: मावशी, स्पा की फिजिओ? आधी नंतरचे दोन तास बघा

सातवा महिना लागला की कंबर बोलू लागते आणि घरातल्या प्रत्येकाकडे त्यावर एकेक उपाय तयार असतो. आईच्या ओळखीच्या मालिशवाल्या मावशी, मैत्रिणींनी डोहाळजेवणाला दिलेलं स्पाचं कूपन, डॉक्टरांनी फाइलवर लिहून दिलेला फिजिओ. निवडताना आपण विचारतो काय, तर हात कोणाचा चांगला, तेल कुठलं, घेतात किती. दोन गरोदरपणांत मी तिन्ही करून बघितलं, आणि आता कोणी सल्ला मागितला तर मी उलटा प्रश्न विचारते: मालिश संपल्यावर पुढचे दोन तास तू कुठे असशील आणि जवळ कोण असेल? मालिश करणारी समजूतदार असेल तर त्या तासाभरात फारसं काही बिघडत नाही. घोळ होतो तो उठताना, न्हाणीघरात आणि घरी परतताना.

हे सगळं अर्थात डॉक्टरांनी होकार दिल्यावरचं. वार (प्लासेंटा) खाली आहे, रक्तदाब वाढलाय, अंगावरून रक्त गेलंय, पूर्वी कधी पायात गुठळी झाली होती, दिवस भरायच्या आधीच कळांची भीती आहे, यातलं काहीही असेल तर कोणाकडून करून घ्यायची हा प्रश्नच येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत अनेक ठिकाणी सरळ नकार देतात. मालिशने गर्भ पडतो म्हणून नाही. त्या काळात गर्भपाताचं प्रमाण मुळातच जास्त असतं आणि उद्या काही झालं तर बोल कोणाला लावून घ्यायचा नसतो, एवढंच.

मावशी घरी येतात तेव्हा

आपल्याकडच्या मालिशवाल्या मावशींचं सगळं ज्ञान बाळंतिणीचं असतं. बाळ-बाळंतिणीला तेल लावणं, बाळंतिणीचं पोट चोळून बांधणं, कडकडीत पाणी, बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, कानाला फडकं. पिढ्यान्पिढ्या बसलेला क्रम आहे तो. गरोदर बाईला मालिश ही मागणी त्यामानाने नवी. त्यामुळे समोर आठव्या महिन्याचं पोट असलं तरी मावशींचे हात सवयीने बाळंतिणीच्याच वाटेने जातात, आणि मालिश झाल्यावरची काळजीही बाळंतिणीचीच घेतली जाते. खरी अडचण इथे आहे.

माझ्या पहिल्या वेळी, माहेरी, मावशींनी बंबाचं वाफाळतं पाणी काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, "मावशी, एवढं कडक नको हो." त्या म्हणाल्या, "अगं पोरी, कडक पाण्याशिवाय अंगातला वारा जातोय होय?" बाळंतिणीच्या बाबतीत त्यावर वाद घालत बसता येईल, पण पोटात बाळ असताना नाही. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तदाब तसाही नेहमीपेक्षा खाली असतो. मालिशने अंग सैलावतं, गरम पाण्याने रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात आणि स्टुलावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. शिवाय शरीराचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास चढणं बाळासाठी बरं नाही, सुरुवातीच्या आठवड्यांत तर मुळीच नाही. कोपर बुडवून बघावं. सुखद वाटलं पाहिजे, चटका नको. आंघोळही लगेच करायची गरज नसते. अर्धा-पाऊण तास पडून राहून मग केली तरी तेल कुठे पळून जात नाही.

त्याहून मोठा धोका लादीचा. तेलकट तळवे, ओली फरशी, पुढे गेलेला तोल आणि गरोदरपणात सैल झालेले सांधे. मालिशच्या जागेवरून उठण्याआधी तळवे कोरड्या पंचाने खसखसून पुसून घ्या. तेल काढायला डाळीचं पीठ लागतंच, पण ते फरशीवर सांडलं की शेवाळासारखं होतं, म्हणून आधी वाटीत कालवून ठेवायचं. खाली रबरी मॅट, बसायला जड स्टूल. दाराला आतून कडी लावायची नाही, लाज वाटली तरी. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आतच असेल तर पाणी बादलीत काढून गीझर बंद करा, खिडकी उघडी ठेवा आणि मगच आत जा. कोंदट न्हाणीघरात त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गरगरलं तर आपण ते मालिशच्या खात्यावर मांडून मोकळे होतो.

इतकं बोलूनही सांगते, नंतरच्या दोन तासांचा विचार केला तर मावशींचं पारडं जड आहे. कारण प्रवास नाही. तिथेच चटईवर डाव्या कुशीला वळायचं, अंगावर चादर ओढायची आणि झोपून जायचं. ही चैन दुसरीकडे कुठेच मिळत नाही. फक्त चार गोष्टी पहिल्याच दिवशी, चहा देताना, स्पष्ट सांगून टाकायच्या: पोटाला हात लावलाच तर वरच्यावर, दाब नाही. पोटऱ्या आणि मांड्यांची आतली बाजू रगडायची नाही. उताणं झोपवायचं नाही, कुशीवरच. आणि शेक-धुरी बाळंतपण झाल्यावर.

पोटऱ्यांचं कारण मावशींना पटवून द्यावं लागतं. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे झुकतं आणि पायाच्या शिरांत गुठळी होण्याची शक्यता एरवीच्या चार-पाच पट असते. म्हणजे ती होतेच असं नाही, पण झालेली गुठळी जोरात रगडली तर ती सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. उताणं न झोपण्याचं कारण वेगळं. भरलेलं गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर दाब देतं, हृदयाकडे परत जाणारं रक्त अडतं आणि बाईला घाबरंघुबरं होतं.

स्पामध्ये

स्पाची मालिश मला जास्त आवडली, खोटं कशाला बोलू. मंद दिवा, गुडघ्यांमध्ये उशी, पोटाखाली उशी, आणि 'कितवा आठवडा' हा प्रश्न आधीच विचारलेला. गरोदर बाईचं शिकून आलेली मुलगी असेल तर दाबही बेताचा असतो.

पण मालिश संपली की तुम्ही गिऱ्हाईक असता. दहा मिनिटांत खोली रिकामी करायची असते. मी गेले तिथलं टेबल माझ्या कमरेइतकं उंच, एसी थंडगार, आणि मुलगी पडद्याबाहेरून म्हणतेय, "मॅडम, तुमच्या पॅकेजमध्ये स्टीम पण आहे." स्टीम, सॉना, गरम पाण्याचा टब या तिन्हींना गरोदर बाईने नाहीच म्हणायचं, पैसे भरलेले असले तरी. उठण्याची घाई करायची नाही. आधी कुशीवर वळायचं, हाताच्या आधाराने बसायचं, पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं घोटे हलवायचे आणि मग पायथ्याच्या स्टुलावर पाऊल. एवढी मिनिटं मला हवी आहेत हे बुकिंग करतानाच सांगितलेलं बरं. शक्यतो दिवसातली शेवटची वेळ घ्या, म्हणजे मागे कोणी ताटकळत नसतं.

मग घरी येणं. माझ्या मते स्पाच्या बाबतीत निर्णय इथेच होतो. सैलावलेल्या अंगाने स्वतः स्कूटर चालवत येणं हा वेडेपणा आहे, आणि मागे बसून स्पीडब्रेकर मोजत येणंही फारसं शहाणपणाचं नाही. तासाभराची मालिश आणि वर पाऊण तासाचं ट्रॅफिक असेल तर कंबर निघाली होती तिथेच परत येते. स्पा चालत जाण्याच्या अंतरावर असेल किंवा कोणीतरी गाडी घेऊन खाली थांबणार असेल तरच तो पर्याय विचारात घ्या. पायात सपाट, मागून पट्टा असलेली चप्पल घाला. पर्समध्ये दोन-चार खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि पाण्याची बाटली. गरोदरपणातली साखर असेल आणि इन्शुलिन चालू असेल तर खाण्याची वेळ मालिशसाठी पुढे ढकलायची नाही. लाडवाऐवजी काय चालेल ते आहारतज्ज्ञांनी दिलेल्या कागदात बघा.

सुगंधी तेलांबद्दल: क्लॅरी सेज, रोझमेरी अशी तेलं गरोदरपणात टाळायला सांगतात. साधं, बिनवासाचं तेल मागून घ्या. वास नकोसा झाला तर घरी येऊन कोमट पाण्याने धुतल्याखेरीज सुटका नसते, आणि आधीच मळमळ असलेल्या बाईला तोवर दम निघत नाही.

फिजिओकडे

इथे तेल जवळजवळ नाहीच, म्हणजे न्हाणीघराचा धोकाही नाही. मजाही नाही. ट्यूबलाइट, कागदी चादर, वीस मिनिटं, आणि शेवटी गृहपाठ. पण दुखणं नेमकं असेल, म्हणजे जिना चढताना जांघेत कळ येते, कूस बदलताना माकडहाडापाशी चमक भरते, एका पायावर उभं राहून सलवार घालता येत नाही, तर हेच ठिकाण. असल्या दुखण्याचं मूळ ओटीपोटाच्या सांध्यांत असतं आणि ते चोळून जात नाही. मालिशनंतर काय करायचं हे एकटा फिजिओच नीट सांगतो: आज किती चाला, कूस बदलताना गुडघे जोडून ठेवा, पट्टा कधी बांधा, किती वेळ बांधा. आणि रात्री दुखणं वाढलं तर दुसऱ्या दिवशी फोन उचलणारं कोणीतरी असतं.

नवऱ्याकडून पाय दाबून घेणं हा चौथा पर्याय मी मोजला नाही, कारण तो फुकट आहे आणि रोज हक्काचा आहे. पाय उशीवर, घोट्यापासून वर हलक्या हाताने. पंधरा मिनिटांत तोच झोपतो, ते वेगळं.

कुठेही करा, नंतर हे बघा

'मालिशनंतर भरपूर पाणी प्या, विषद्रव्यं निघून जातात' हे वाक्य स्पाच्या भिंतीवर असतं, मावशींच्या तोंडी असतं. विषद्रव्यं काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. चोळल्याने ती बाहेर पडत नाहीत. पाणी प्यायचं ते गरोदर बाईला तसंही दिवसाला दोन-अडीच लिटर लागतं म्हणून. ताक, शहाळं, काहीही चालेल. चहाची तल्लफ आलीच तर लोहाच्या गोळीपासून तास-दोन तास लांब ठेवा.

दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकलं तर घाबरू नका, पण घरात आहे म्हणून दुखण्याची जेलची ट्यूब चोळू नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची औषधं विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नसतात, आणि जेल म्हणजेही औषधच. कोमट पाण्याची पिशवी कंबरेला चालते, पोटावर नाही.

पडून राहाल तेव्हा बाळाकडे लक्ष असू द्या. मालिशनंतर काही बाळं जागी होऊन लाथा मारतात, काही गप्प होतात. आपल्या बाळाची रोजची रीत आपल्याला कळलेली असते. त्यापेक्षा हालचाल मंदावल्यासारखी वाटली तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्त किंवा पाणी गेलं, ठरावीक अंतराने पोट कडक होऊ लागलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेहरा-हात अचानक सुजले, एकच पोटरी सुजून लाल आणि गरम झाली, दम लागला, तरीही तेच. अशा वेळी "मालिशमुळे असेल" म्हणून ती पोटरी पुन्हा चोळून घेणं ही सगळ्यात वाईट चूक. गाडी नसेल तर १०८ किंवा १०२ लावा.

आता निवड. दिवसभर घरात कोणी ना कोणी असेल, न्हाणीघर सुरक्षित असेल आणि मावशी ऐकून घेणाऱ्या असतील, तर मावशी. नवरा-बायको दोघंच, दोघंही नोकरीत, आणि गरोदर बाईंचं शिकलेली मुलगी जवळच्याच स्पामध्ये असेल, तर सुटीच्या दिवशी नवऱ्याला घेऊन स्पा. एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं असेल, तर बाकी सगळं सोडून फिजिओ. कूपन वाया जाईल याचं वाईट वाटून घेऊ नका; चेहऱ्याच्या फेशियलवर बदलून देतात का विचारा, मला दिलं होतं.

मावशी नकोत असं ठरलं तरी त्यांना एक फोन मात्र आत्ताच करून ठेवा. चांगल्या मावशी बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यासाठी दोन-दोन महिने आधी ठरलेल्या असतात, आणि ते काम त्यांच्याइतकं कोणालाच येत नाही.